बोलणाऱ्या टोकालाही कान असतात: लहान मेंदूतले अलीकडचे रिसेप्टर

पेशीपुराण

सिनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाचं, चित्र आपण सगळ्यांनीच शाळेत काढलंय. एका बाजूला फुगीर टोक, त्यात रसायनाच्या बारीक पिशव्या, मधे फट, आणि पलीकडच्या काठावर रसायनाची वाट बघत बसलेले रिसेप्टर. डावीकडून उजवीकडे एक बाण काढला की पैकीच्या पैकी गुण. प्रयोगशाळेत गेल्यावरही पहिलं वर्षभर माझ्या डोक्यात हेच चित्र होतं.

मग एके दिवशी लहान मेंदूच्या कापावर बॅक्लोफेन सोडलं. गाबा हे मेंदूतलं एरवी पेशींना गप्प करणारं रसायन, आणि बॅक्लोफेन हे त्याचे गाबा-बी नावाचे रिसेप्टर चालू करणारं औषध. दोन-तीन मिनिटांत माझ्या पेशीला मिळणारा संदेश पार ढासळला. मला वाटलं इलेक्ट्रोड सुटला. दुसरी पेशी धरली, तेच. तिसरी, पुन्हा तेच. संध्याकाळी एक ज्येष्ठ सहकारी आलेख बघून म्हणाल्या, "पेशी ठणठणीत आहे. तू ऐकणाऱ्याचे कान तपासत बसलायस, इकडे बोलणाऱ्याचं तोंड कुणीतरी दाबलंय."

हा धागा त्या तोंड दाबणाऱ्यांबद्दल. संदेश सोडणाऱ्या टोकावरच बसलेल्या रिसेप्टरांना मी 'अलीकडचे' म्हणणार आहे. प्रीसिनॅप्टिक म्हणायची सवय असेल त्यांनी तसं वाचावं.

आधी जागा बघू. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. वजनात मात्र त्याचा वाटा जेमतेम दहावा. (हा हिशोब सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाचा, २००९ मधला.) या गर्दीत बहुतेक सगळ्या चिमुकल्या कणपेशी. प्रत्येक कणपेशीचा अक्षतंतू वर चढतो, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दुभंगतो आणि दोन्हीकडे आडवा पसरतो. हे समांतर तंतू. त्यांच्या वाटेत पंख्यासारख्या चपट्या फांद्या पसरून उभ्या असतात पुर्किन्ये पेशी. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये त्या दाखवल्या, म्हणून हे नाव. एका पुर्किन्ये पेशीवर लाख ते दोन लाख समांतर तंतू येऊन बोलतात. शिवाय एकच एक 'चढता तंतू' वेलीसारखा तिला वेटोळे घालतो. टोपली पेशी आणि तारका पेशी गाबा सोडून तिला गप्प करायला बसलेल्या असतातच.

आता टोकात काय होतं ते. विद्युत् स्पंद येतो, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पिशव्या फुटून रसायन फटीत पडतं. यातली ग्यानबाची मेख अशी, की किती रसायन पडेल ते कॅल्शियमच्या सरळ प्रमाणात नसतं. समांतर तंतूंवर ते साधारण तिसऱ्या घाताच्या आसपास बदलतं. कॅल्शियम अर्ध्यावर आलं तर रसायन आठव्या हिश्श्यावर. नुसतं वीस टक्क्यांनी घटलं तरी रसायन जवळजवळ निम्मं.

म्हणजे टोकाला गप्प करायला मोठं काही करावंच लागत नाही. दारं पूर्ण उघडू न देता नुसती किलकिली ठेवली की झालं. अलीकडचे रिसेप्टर बहुतेक वेळा हेच करतात. समांतर तंतूंच्या टोकांवर गाबा-बी आहेत, अ‍ॅडिनोसिनचे ए-१ आहेत, ग्लुटामेटचा (हे तंतू स्वतः सोडतात ते रसायन) एमग्लूआर-४ आहे, गांजातलं द्रव्य ज्यावर बसतं ते सीबी-१ तर खच्चून भरलेत. चारही जण आतल्या जी-प्रथिनाला हलवतात, त्याचा एक तुकडा सुटून कॅल्शियमच्या दाराला चिकटतो आणि दार उघडायला कुरकुर करू लागतं. काही वेळा तर तो तुकडा दाराला वळसा घालून पिशवी फोडणाऱ्या यंत्रणेलाच धरतो.

पुढचं प्रतिसादांत, नाहीतर धागा वाचणार कोण!

शंकासुर

छान सुरुवात. पण दोन शंका आहेतच. एक, समांतर तंतूला गप्प करायचं असेल तर सरळ कणपेशीच बंद करावी ना, टोकापर्यंत जाऊन दारं किलकिली करण्याचा उपद्व्याप कशाला? दोन, हा दाबणारा हात नक्की कुणाचा?

पेशीपुराण

@शंकासुर, पहिल्या शंकेतच अर्धा विषय आलाय. एक समांतर तंतू काही मिलिमीटर पळतो आणि शेकडो पुर्किन्ये पेशींच्या फांद्यांमधून जातो. कणपेशी बंद केली तर त्या सगळ्यांचा संदेश बंद. टोकापाशी दाबलं तर एकाच श्रोत्यापुरता आवाज कमी होतो, बाकीच्यांना बोलणं पूर्वीसारखंच ऐकू येतं. पेशी एकच, तंतू एकच, पण प्रत्येक टोकाचा आवाज वेगळा ठेवता येतो. मेंदूला ही सोय फार स्वस्तात मिळालीय.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: हात बऱ्याचदा खुद्द श्रोत्याचाच असतो. आणि हे कळलं ते लहान मेंदूतच.

१९९१ मध्ये इसाबेल यानो, नताली लरेश आणि अलाँ मार्टी यांनी पुर्किन्ये पेशीला थोडा वेळ उद्दीपित करून पाहिलं. तिच्यात कॅल्शियम चढलं आणि नंतरची कित्येक सेकंदं तिला मिळणारे गाबाचे संदेश कमी झाले. सहज वाटेल की पेशीचे कान बधिर झाले असतील. पण तिच्यावर थेट गाबा टाकलं तर प्रतिसाद तसा घटत नव्हता. आपोआप फुटणाऱ्या एकेकट्या पिशव्यांचे जे बारीक संदेश दिसतात, त्यांची उंची तीच राहिली, संख्या घटली. याचा अर्थ पिशव्याच कमी फुटत होत्या. बदल अलीकडे झाला होता, आणि त्याला कारण होतं पलीकडच्या पेशीतलं कॅल्शियम!

म्हणजे निरोप उलटा गेला होता, ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे. निरोप्या कोण, ते मात्र पुढची दहा वर्षं सापडलं नाही.

उंटावरचा

अभियंता आहे, मेंदूतलं काही कळत नाही, तरी उंटावरून शेळ्या हाकतो. हे ऋण प्रत्याभरण (निगेटिव्ह फीडबॅक) आहे का? म्हणजे फक्त आवाजाची खुंटी? तसं असेल तर चमत्कार काही नाही, कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतं.

आणि घात तिसरा का चौथा? मी कुठेतरी चौथा वाचला होता.

काचपट्टी

चौथा घात डॉज आणि रहामिमॉफ यांचा, १९६७, बेडकाच्या चेता-स्नायू जोडावरचा. समांतर तंतूंवर मोजलं तर कुठल्या प्रकारच्या दारातून कॅल्शियम येतं त्यावर आकडा थोडा हलतो. 'तिसऱ्याच्या आसपास' ठीक आहे. ही टोकं एका मायक्रॉनपेक्षाही लहान, त्यांना इलेक्ट्रोड लावणं महाकठीण. म्हणून तंतूंमध्ये कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग भरतात आणि उजेड मोजतात. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला पुर्किन्ये पेशीतला प्रवाह, दोन्ही एकाच वेळी. घात येतो तो त्या दोघांच्या आलेखातून.

पेशीपुराण

@उंटावरचा, खुंटी म्हणालात, पण नुसती आवाजाची खुंटी नाही ती. एकट्या स्पंदाला पिशवी फुटण्याची शक्यता कमी केली की पिशव्या शिल्लक राहतात. ओळीने दहा स्पंद आले तर एरवी पहिल्या दोनांतच साठा संपला असता, आता तो पुरवून वापरला जातो. पहिला स्पंद दबतो, आठवा-नववा फारसा दबत नाही, कधी वर उचललाही जातो. शिवाय स्पंदांची झड लागली की दाराला चिकटलेला जी-प्रथिनाचा तुकडा थोडा सुटतो. म्हणजे तुरळक कुजबुज गाळली जाते, सलग आरडाओरडा पार होतो. तुमच्या भाषेत ही गाळणी, आणि तिची वारंवारता रिसेप्टर ठरवतो.

याचं झकास उदाहरण खालच्या थरात आहे. तिथे शेवाळी तंतूचं (बाहेरून लहान मेंदूत संदेश आणणाऱ्या तंतूचं) जाडजूड टोक, भोवती कणपेशींच्या वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, आणि गॉल्जी पेशीच्या गाबावाल्या फांद्या, असा एक गुच्छ असतो. त्याभोवती आवरण असल्यामुळे आत सांडलेलं रसायन सहज बाहेर जात नाही. सायमन मिचेल आणि अँगस सिल्व्हर यांनी २००० मध्ये दाखवलं की गाबा सांडून शेवाळी टोकावरच्या गाबा-बीला लागतं आणि कमी वारंवारतेचे संदेश दाबतं. आणि त्याच वर्षी त्यांनीच दाखवलं की शेवाळी टोकाचं ग्लुटामेट सांडून गॉल्जीच्या टोकावरच्या रिसेप्टरांना लागतं आणि गाबाच सुटू देत नाही! दोघांचेही हात एकमेकांच्या तोंडावर. जो जास्त जोरात बोलेल तो दुसऱ्याला गप्प करतो.

शब्दवेल्हाळ

विज्ञानाचं आमचं ज्ञान तोकडं, पण सीबी-१ वाचून कान टवकारले. शरीरातच तयार होणारं जे रसायन या रिसेप्टरवर बसतं, त्याचं नाव अ‍ॅनंडमाइड. १९९२ मध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याचं बारसं केलं संस्कृत 'आनंद' वरून. सच्चिदानंदातला आनंद डुकराच्या मेंदूतून गाळून निघाला, हे पूर्वसूरींना सांगायला हवं होतं!

पेशीपुराण

@शब्दवेल्हाळ, अगदी. पण पुढे थोडा विरस आहे. लहान मेंदूत निरोप्याचं काम आनंदाचं नाहीच, ते मुख्यतः त्याच्या भावंडाचं, टू-एजीचं. ते १९९५ मध्ये सापडलं आणि नाव इतकं रुक्ष की त्याच्यावर कुणी श्लोक करणार नाही.

ती राहिलेली गोष्ट पुरी करतो. २००१ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी निरोप्या पकडला. दोन गट हिप्पोकँपसवर (मेंदूतल्या स्मरणाशी संबंधित भागावर) काम करत होते. लहान मेंदूत तो पकडला अनातोल क्राइट्झर आणि वेड रेगर यांनी, आणि तोही समांतर व चढत्या तंतूंवर. पुर्किन्ये पेशीत कॅल्शियम वाढतं, पडद्यातल्या चरबीपासून टू-एजी तयार होतं, पिशवीत न भरताच थेट फटीतून मागे झिरपतं, अलीकडच्या सीबी-१ वर बसतं आणि दारं किलकिली होतात. सीबी-१ अडवणारं औषध टाकलं की सगळा प्रकार थांबतो. पुढे २०१० मध्ये टू-एजी बनवणारं एक विकर नसलेले उंदीर तयार केले, त्यांच्यातही तो थांबला.

मजा म्हणजे पुर्किन्ये पेशीवर स्वतःवर सीबी-१ नाही. बोलते ती, रिसेप्टर सगळे तिच्याशी बोलणाऱ्यांकडे.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून थोडं जमिनीवरचं. गांजाच्या अमलाखाली तोल जातो, हातांचा मेळ बिघडतो, त्यामागे लहान मेंदूतल्या सीबी-१ चा हात असावा हे या चर्चेनंतर वेगळं सांगायला नको. आतला निरोप नेमक्या टोकावर, काही सेकंदांपुरता जातो. बाहेरून आलेलं द्रव्य सगळ्याच टोकांवर तासन्‌तास बसतं.

उलटं टोकही बघा. रिमोनाबँट हे सीबी-१ अडवणारं औषध वजन कमी करायला २००६ मध्ये युरोपात आलं. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार दिसू लागल्यावर २००८ मध्ये बाजारातून काढावं लागलं. एका जागी उपयोगी पडेल म्हणून रिसेप्टर अडवावा, तर तो सगळ्या मेंदूत पसरलेला!

आणि बॅक्लोफेन. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला आम्ही ते रोज लिहितो, पण तिथे काम मुख्यतः मज्जारज्जूत, तिथल्या टोकांवर होतं. लहान मेंदूच्या रोगावरचं औषध असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. कॅल्शियमच्या दाराच्याच जनुकात बिघाड असेल तर अधूनमधून तोल जाण्याचे झटके येतात, त्याला एपिसोडिक अ‍ॅटॅक्सिया टाइप-२ म्हणतात. त्यात अ‍ॅसिटाझोलामाइडचा उपयोग होतो. ते दार पी/क्यू प्रकारचं, आणि त्यातला 'पी' पुर्किन्येचा.

शंकासुर

इतकं सगळं वाचून एक नियम काढला: अलीकडचा रिसेप्टर म्हणजे ब्रेक. आणि गाबा तर नावाचाच ब्रेक. बरोबर?

पेशीपुराण

नाही! बरं झालं विचारलंत. समांतर तंतूंवर गाबा-बी आहेत तसे गाबा-ए सुद्धा आहेत, आणि ते उलटं काम करतात. २००७ मध्ये ब्रँडन स्टेल, मार्टी आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. गाबा-ए म्हणजे क्लोराइडचं दार. पेशीच्या धडात क्लोराइड कमी असतं, दार उघडलं की ते आत येतं आणि पेशी शांत होते. अक्षतंतूत क्लोराइड आधीच जास्त असतं, म्हणून दार उघडलं की ते बाहेर जातं, टोक थोडं उद्दीपित होतं आणि जास्त ग्लुटामेट सोडतं. तेच गाबा, तेच टोक, एका रिसेप्टरवर बसलं तर आवाज खाली, दुसऱ्यावर बसलं तर वर.

उलट उदाहरणही आहे. ग्लुटामेट म्हणजे 'बोला' असं सांगणारं रसायन. पण चढत्या तंतूचं ग्लुटामेट टोपली पेशीच्या टोकावरच्या अ‍ॅम्पा रिसेप्टरवर सांडलं की गाबा सुटणं कमी होतं. रसायनाच्या नावावरून अंदाज बांधायचा नाही. रिसेप्टर कुठला, कुठे बसलाय आणि त्या जागी आत काय भरलंय, हे तिन्ही बघायचं. मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच, आणि सगळ्यात जास्त फसलोही इथेच.

तारका पेशींच्या टोकांवर तर एनएमडीए रिसेप्टर आहेत. पुर्किन्ये पेशी स्वतः ग्लुटामेट मागे सोडते, ते यांच्यावर बसतं आणि गाबा सुटणं काही मिनिटं वाढतं.

काचपट्टी

शेवटच्या परिच्छेदाला माझा आक्षेप. 'टोकांवर एनएमडीए आहेत' हे इतक्या ठामपणे लिहू नका. जेसन क्रिस्टी आणि क्रेग जार यांनी २००८ मध्ये तारका पेशींवर दाखवलं की एनएमडीए वृक्षिकांवरच उघडतात, तिथला विद्युत्‌दाब अक्षतंतूत नुसता ओघळत जातो आणि टोकातली दारं थोडी उघडतो. टोकावर एकही एनएमडीए नसला तरी गाबा वाढलेलं दिसेल. मग 'अलीकडचा रिसेप्टर' म्हणायचं कशाला?

पेशीपुराण

मान्य, वाद आहे आणि मी एका बाजूचं लिहून मोकळा झालो. माझं मत तरीही टोकाकडे झुकतं, कारण विद्युत् स्पंद बंद ठेवूनही पिशव्यांचे एकेकटे संदेश एनएमडीएने वाढतात.

काचपट्टी

ओघळणाऱ्या दाबाला स्पंद लागतच नाही, तोच तर मुद्दा आहे! या पेशींचे अक्षतंतू इतके आखूड की वृक्षिकेतला दाब सहज पोचतो. तुमचा पुरावा दोन्ही बाजूंना लागू पडतो.

पेशीपुराण

हम्म. हे खरं आहे. ते वाक्य मागे घेतो, झुकाव ठेवतो.

उंटावरचा

एक व्यवहारी प्रश्न. बदल अलीकडे झाला की पलीकडे हे दर वेळी कसं ओळखता?

काचपट्टी

रोजची युक्ती: लागोपाठ दोन स्पंद द्यायचे, मधे दहा-वीस मिलिसेकंद, आणि दुसऱ्याचं पहिल्याशी गुणोत्तर काढायचं. समांतर तंतूंवर दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण आधीचं कॅल्शियम थोडं उरलेलं असतं. औषधाने दोन्ही सारखेच घटले आणि गुणोत्तर तेच राहिलं तर पलीकडे शंका घ्यायची. गुणोत्तर वाढलं तर अलीकडे. चढत्या तंतूवर उलटं असतं, तो पहिल्याच स्पंदात इतक्या पिशव्या फोडतो की दुसरा लहानच येतो. एकट्या या युक्तीवर मात्र कुणी विसंबू नये.

शंकासुर

आणि या सगळ्याचा शिकण्याशी संबंध? लहान मेंदू म्हणजे सराव, सायकल, पोहणं असं वाचलंय.

पेशीपुराण

आहे, पण इथे पाय जपून टाकावा लागतो. चढता तंतू म्हणजे 'चुकलं' सांगणारा शिक्षक, हे चित्र तुम्ही वाचलं असेल. नॉरअ‍ॅड्रेनालिन त्याच्याच टोकावरच्या अल्फा-२ रिसेप्टरवर बसून त्याचा आवाज कमी करतं, हे मेगन केरी आणि रेगर यांनी २००९ मध्ये दाखवलं. चढत्या तंतूचा आवाज थोडा कमी झाला तरी पुर्किन्ये पेशीत कमी कॅल्शियम चढतं आणि समांतर तंतूंच्या जोडण्यांत व्हायचा टिकाऊ बदल होत नाही. म्हणजे शिक्षकालाच हळू बोलायला लावलं तर धडा गिरवला जात नाही.

सीबी-१ ची कथा मात्र वळणं घेत गेली. हा रिसेप्टर नसलेले उंदीर डोळा मिचकावण्याचा धडा नीट शिकत नाहीत, असं २००६ मध्ये आलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली, मीही. आवाज सुनावून लगेच डोळ्यावर हवेची झुळूक मारायची, काही दिवसांत उंदीर आवाजालाच डोळा मिटतो, असा तो धडा. २०२० मध्ये केरी यांच्याच गटाने तपासलं तर हे उंदीर मुळात कमी चालत होते, आणि उंदीर जितका चालता तितका हा धडा त्याला लवकर येतो. मोटरवर फिरणाऱ्या पट्ट्यावर सगळ्यांना सारख्या वेगाने चालवलं, तर बिनरिसेप्टरवालेही शिकले. फक्त कणपेशींतून सीबी-१ काढला तरी शिकणं शाबूत. कापावर दिसणारी गोष्ट जित्या उंदरात त्याच कामी येते असं गृहीत धरलं की असं होतं.

नाडीपरीक्षा

वाचनखूण साठवली. ते पट्ट्याचं माहीत नव्हतं.

शंकासुर

शेवटची शंका, खरंच शेवटची. सुरुवातीला ए-१ रिसेप्टर म्हणालात. कॅफीन त्यालाच अडवतं ना? मग कॅफीन घेतलं की माझ्या समांतर तंतूंचा आवाज वाढतो का?

पेशीपुराण

अडवतं, ए-१ ला आणि ए-२ए लाही. पण जागं राहण्याचं श्रेय मुख्यतः ए-२ए अडवण्याला जातं आणि ते घडतं लहान मेंदूबाहेर. तुमच्या समांतर तंतूंचं म्हणाल, तर त्या घटकेला टोकाभोवती अ‍ॅडिनोसिन किती साचलंय यावर सगळं. ब्रेकवर पाय नसेल तर ब्रेक तोडून वेग वाढत नाही.

शंकासुर

आणि तो पाय कधी असतो?

पेशीपुराण

पेशी खूप राबल्या, त्यांचा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, भराभर मोडला गेला की. त्याच्याच मोडतोडीतून अ‍ॅडिनोसिन बनतं. प्राणवायू कमी पडतो तेव्हा तर हमखास. आता तुमची 'शेवटची' शंका संपली असेल तर मी झोपतो, माझ्या टोकांवर बरंच साचलंय.